माशाचे तोंड बघा

माझे बाबा येलदरीच्या धरणात जाळे टाकतात. हे धरण आपल्या जिल्ह्यात पूर्णा नदीवर आहे. मासे निवडताना मी त्यांची तोंडे बघतो.

कटल्याचे तोंड वर वळलेले असते. तो पाण्याच्या वरच्या थरातले बारीक जीव खातो. रोहूच्या ओठांना झालर असते. तो मधल्या थरात चरतो. मृगळाचे तोंड खालच्या बाजूला असते. तो तळाचा कुजका पाला खातो. म्हणून तिघे एका तळ्यात सुखाने राहतात. तिघांच्याही जबड्यात दात नाहीत. दात घशात असतात!

मरळ माशाचा जबडा मोठा आणि दात टोकदार. तो दुसरे मासे गिळतो. गेल्या वर्षी काकांनी मरळ न काढताच तळ्यात बोटुकली सोडली. पुष्कळ पिल्ले मरळांनीच खाल्ली. काका दोन दिवस नीट जेवले नाहीत.

अंड्यातून निघालेल्या पिल्लाचे तोंड इवलेसे असते. ते वाढते तसे खाणे बदलते. गुरुजी म्हणाले, ज्याचे तोंड खाण्याला जुळले तो जगला, त्याची पिल्लेही तशीच झाली. असे लाखो वर्षे चालले.

यंदा काकांनी आधी मरळ काढले, मगच बोटुकली सोडली.

— इयत्ता ४ थी