पाऊस, ऊन आणि काचेची पेटी

ब्रिटनमधल्या केंट विद्यापीठाच्या संशोधकांनी सरपटणारे प्राणी पाळणाऱ्या लोकांकडून एक साधी माहिती गोळा केली: घरी आणलेल्या प्राण्यांपैकी किती पहिल्याच वर्षात मेले? उत्तर २०१५ मध्ये ‘प्लॉस वन’ या नियतकालिकात छापून आलं. सगळे साप, सरडे, कासवं एकत्र धरली तर वर्षभरात मेलेल्यांचं प्रमाण ३.६ टक्के होतं. बोआ आणि अजगरांचं त्याहून कमी, १.९ टक्के. शॅमेलिऑन या रंग बदलणाऱ्या सरड्याचं मात्र २८.२ टक्के. एकाच देशात आणि एकाच हौसेपोटी आणलेल्या या प्राण्यांच्या नशिबात एवढा फरक का पडावा?

शॅमेलिऑन फार नाजूक असतो, असं दुकानात सांगतात. अमेरिका-युरोपातल्या पेट स्टोअरमध्ये सर्वांत जास्त दिसतो तो व्हेल्ड शॅमेलिऑन. डोक्यावर उंच तुरा असलेला हा प्राणी मूळचा येमेन आणि सौदी अरेबियाच्या नैर्ऋत्य भागातला. रखरखीत उन्हाळा, पावसाची वानवा, डोंगरातल्या गार रात्री हे सगळं पचवून तो पिढ्यान् पिढ्या तिथे राहिला आहे. अशा प्राण्याला नाजूक म्हणणं बरोबर नाही. त्याच्या गरजा काटेकोर आहेत, एवढंच. त्याचं शरीर फांदीवरच्या आयुष्यासाठी घडलेलं आहे, आणि दुकानदाराने सोयीसाठी केलेली प्रत्येक काटछाट त्याच्या कुठल्या ना कुठल्या अवयवावर जाऊन आदळते.

सुरुवात पाण्यापासून करू. दुकानातल्या पेटीत पाण्याची वाटी ठेवलेली असते, आणि गिऱ्हाईक ती बघून निश्चिंत होतं. शॅमेलिऑनला मात्र वाटीतलं स्थिर पाणी सहसा पाणी म्हणून कळतच नाही. तो पितो ते पानांवर चमकणारे थेंब, म्हणजे दव किंवा पाऊस. त्यासाठी पेटीत पानांची दाटी हवी आणि दिवसातून काही वेळा त्यांवर बारीक फवारा हवा, नाहीतर ठिबकणारी नळी तरी हवी. हे मिळालं नाही की वाटी भरलेली असूनही तो तहानेने सुकत जातो. डोळ्यांचे बुरूज आत ओढले जातात. विष्ठेबरोबर पडणारा एरवीचा पांढरा भाग पिवळा आणि मग नारिंगी होतो. पुढे मूत्रपिंडं निकामी होतात, यूरिक आम्ल सांध्यांत आणि अवयवांत साठतं. हे सगळं घडायला आठवडे, महिने लागतात. तोवर प्राणी विकला गेलेला असतो आणि दोष नव्या मालकाच्या माथी येतो.

यावर उपाय म्हणून काही दुकानं काचेच्या बंद पेटीतच सतत फवारा मारत राहतात. तेही घातकच. हवा खेळत नाही, ओल सुकत नाही, बुरशी आणि जिवाणू माजतात आणि शॅमेलिऑनच्या श्वसनमार्गात संसर्ग होतो. तोंड उघडं ठेवून, मान वर करून तो श्वास घेऊ लागला की आजार बराच पुढे गेलेला असतो. म्हणून बहुतेक जाणकार जाळीचा, उभा, उंच पिंजरा सुचवतात. पण हाही सरसकट नियम नव्हे. थंड देशात हीटरने कोरड्या पडलेल्या घरात चारही बाजू जाळीच्या असतील तर ओलावा टिकत नाही, म्हणून तिथले अनुभवी लोक दोन-तीन बाजू बंद करून वर-खाली हवेची वाट ठेवतात. पिंजऱ्याची जागाही महत्त्वाची. शॅमेलिऑनला धोका वाटतो तो वरून येणाऱ्या गोष्टीचा. दुकानात पेटी गुडघ्याच्या उंचीला असते आणि दिवसभर माणसं तिच्यावर वाकून बघत असतात.

सर्वांत जास्त हाल होतात ते प्रकाशाच्या बाबतीत. उन्हातल्या अतिनील ‘बी’ किरणांनी, म्हणजे साधारण २९० ते ३१५ नॅनोमीटर लांबीच्या लहरींनी, त्वचेत ड जीवनसत्त्व तयार होतं. ते नसेल तर अन्नातलं कॅल्शियम अंगी लागत नाही. त्यात दुकानात मिळणाऱ्या रातकिड्यांत कॅल्शियमपेक्षा फॉस्फरस कितीतरी जास्त असतो. किड्यांवर कॅल्शियमची भुकटी लावली नाही आणि त्यांना आधी चांगला पाला खाऊ घातला नाही तर रक्तातलं कॅल्शियम टिकवण्यासाठी शरीर स्वतःच्या हाडांतूनच ते काढून घेऊ लागतं. लहान मुलांच्या मुडदुसाशी जवळचं नातं असलेला हा आजार आहे. पाय कमानीसारखे वाकतात, जबडा मऊ पडतो, फांदी धरणारी पकड सुटते.

आणि जीभ निकामी होते. शॅमेलिऑनची जीभ हे प्राणिसृष्टीतलं एक आश्चर्य आहे. ब्राऊन विद्यापीठातल्या ख्रिस्तोफर अँडरसन यांनी २०१६ मध्ये वीस प्रजातींच्या जिभा मोजल्या. त्यातल्या एका चिमुकल्या आफ्रिकी प्रजातीची जीभ गुरुत्वाकर्षणाच्या २६४ पट त्वरणाने सुटत होती. ही ताकद निव्वळ स्नायूची नसते. जिभेच्या मुळाशी असलेल्या एका निमुळत्या हाडाभोवती लवचिक ऊती आधी ताणल्या जातात आणि मग एकदम सोडल्या जातात. त्याच वर्षी बेल्जियम-फ्रान्समधल्या भौतिकशास्त्रज्ञांनी दाखवलं, की जिभेच्या टोकावरचा चिकट स्राव माणसाच्या लाळेपेक्षा सुमारे ४०० पट घट्ट असतो. कॅल्शियम घटलं की यातला स्नायू दगा देतो, हाड वाकतं, आणि समोर बसलेल्या किड्याकडे प्राणी नुसता बघत राहतो. ‘आज भूक नसेल’ असं समजून मालक किडा काढून टाकतो.

वाईट याचं वाटतं, की योग्य दिवा मिळाला तर हा प्राणी आपलं आपण बघून घेऊ शकतो. २००९ मध्ये टेक्सासमधल्या संशोधकांनी मादागास्करच्या पँथर शॅमेलिऑनवर केलेल्या प्रयोगात दिसलं, की ज्यांच्या अन्नात ड जीवनसत्त्व कमी होतं ते अतिनील प्रकाशाखाली जास्त वेळ बसत आणि ज्यांना ते अन्नातून भरपूर मिळत होतं ते लवकर बाजूला होत. आपल्याला किती ऊन हवं हे त्याच्या शरीराला कळतं. मात्र निवड करायला ऊन आणि सावली दोन्ही हवेत. साध्या बल्बमधून हे किरण येत नाहीत. खिडकीची काच ते अडवते, त्यामुळे ‘खिडकीजवळ ठेवा’ हा सल्ला कुचकामी ठरतो. खास अतिनील नळीसुद्धा काही महिन्यांनी थकते. डोळ्यांना ती लख्ख पेटलेली दिसते, पण तिच्यातले उपयोगाचे किरण संपत आलेले असतात. दुकानातली नळी कधी बदलली हे विक्रेत्याला सांगता येत नसेल, तर त्या पेटीतल्या प्राण्याच्या हाडांबद्दल शंका घ्यायलाच हवी.

रंगाबद्दलचा गैरसमज तर जगभर आहे. आजूबाजूसारखं दिसण्यासाठी शॅमेलिऑन रंग बदलतो, असं बहुतेकांना शाळेपासून वाटतं. जिनिव्हा विद्यापीठातल्या मिशेल मिलिंकोविच यांच्या गटाने २०१५ मध्ये या बदलामागची यंत्रणा उलगडली. त्वचेतल्या विशिष्ट पेशींत ग्वानीनचे अतिसूक्ष्म स्फटिक जाळीसारखे मांडलेले असतात. प्राणी शांत असताना ते जवळजवळ असतात आणि निळा-हिरवा प्रकाश परावर्तित करतात. तो उत्तेजित झाला की त्यांच्यातलं अंतर वाढतं आणि पिवळा, तांबडा रंग उमटतो. या बदलाचा उपयोग मुख्यतः दुसऱ्या शॅमेलिऑनशी बोलण्यासाठी आणि अंगाचं तापमान सांभाळण्यासाठी होतो. ॲरिझोना स्टेट विद्यापीठातल्या रसेल लिगन आणि केव्हिन मॅकग्रॉ यांनी व्हेल्ड शॅमेलिऑनच्या नरांच्या झुंजी चित्रित केल्या, तेव्हा ज्याचं डोकं झपाट्याने उजळतं तोच बहुधा जिंकतो असं दिसलं. लिगन यांच्या पुढच्या अभ्यासात हरणारा नर चटकन काळवंडताना आढळला. तो रंग शरणागतीचा असतो. त्यानंतर तो माघार घेतो आणि मारामारी थांबते.

दुकानातल्या पेटीत माघार घ्यायला जागाच नसते. चार-पाच वाढलेले शॅमेलिऑन एकत्र ठेवले की त्यातला एक उबदार फांदी बळकावतो आणि बाकीचे काळवंडून, चपटे होऊन कोपऱ्यात बसतात. त्यांच्यात मारामारी दिसत नाही, म्हणून विक्रेत्याला वाटतं की सगळे गुण्यागोविंदाने नांदताहेत. गिऱ्हाइकाला तो गडद तपकिरी रंग ‘नैसर्गिक’ वाटतो. काचेत दिसणारं स्वतःचं प्रतिबिंबही काहींना प्रतिस्पर्धी वाटतं. पिल्लांची गोष्ट थोडी वेगळी आहे. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जन्मापासून एकटी वाढवलेली व्हेल्डची पिल्लं जास्त दबकी निघाली आणि भक्ष्य पकडण्यातही मागे पडली. म्हणजे लहानपणी काही काळ सोबत हवी आणि वय वाढलं की स्वतंत्र जागा. दुकानात दोन्ही वयांना एकच पेटी मिळते.

हातावर घेतल्यावर डोळे मिटून शांत बसणारा शॅमेलिऑन ‘माणसाळलेला’ म्हणून विकला जातो. निरोगी शॅमेलिऑन दिवसा डोळे मिटत नाही. त्याचे दोन्ही डोळे वेगवेगळ्या दिशांना सतत फिरत असतात. भर दुपारी मिटलेले डोळे म्हणजे पशुवैद्याकडे न्यायची वेळ.

माद्यांचं दुःख आणखी वेगळं. व्हेल्डची मादी नराशी गाठ न पडताही अंडी घालते, एका खेपेत चाळीस, साठ, कधी त्याहूनही जास्त. ती पुरण्यासाठी तिला ओलसर, खोल वाळू हवी. वाळू नसेल तर ती पेटीचा तळ खरवडत राहते आणि अंडी पोटातच अडकून मरते. उबदार पेटीत भरपेट खायला घातलं की अंड्यांची संख्या फुगत जाते, म्हणून वाढ झालेल्या मादीला बेताचं खाणं आणि थोडी गार जागा देणं तिच्या जिवाच्या हिताचं असतं. विकत घेताना हे सांगणारा विक्रेता क्वचितच भेटतो.

किरकोळ दुकानाच्या मागे घाऊक गोदामं असतात, आणि तिथलं चित्र भयानक आहे. डिसेंबर २००९ मध्ये टेक्सासमधल्या आर्लिंग्टन शहरात अधिकाऱ्यांनी एका घाऊक व्यापाऱ्याकडून २६ हजारांहून अधिक प्राणी जप्त केले. पुढे प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधानुसार त्यांतले ८० टक्के आजारी, जखमी किंवा मेलेले होते. गर्दी, तहान, उपासमार, थंडी, संसर्ग ही कारणं होती. सहा आठवड्यांत सत्तर टक्क्यांच्या आसपास प्राणी मरणं या धंद्यात रूढच असल्याचा बचाव या प्रकरणात पुढे आला. हिशेबच असा असेल तर एकेका प्राण्यासाठी दिवा, पानं आणि पाणी यांवर कोण खर्च करणार?

या हेळसांडीची किंमत कधी कधी एका अख्ख्या बेटाला मोजावी लागते. १९७२ मध्ये हवाईच्या ओआहू बेटावरच्या कानेओहे गावात पाळीव प्राण्यांच्या एका दुकानदाराने केनियातून काही डझन जॅक्सन शॅमेलिऑन मागवले. डोक्यावर तीन शिंगं असलेले नर, अंड्यांऐवजी जिवंत पिल्लांना जन्म देणाऱ्या माद्या. प्रवासानंतर प्राणी हडकुळे आणि सुकलेले पोचले. सुधारावेत म्हणून त्याने ते परसातल्या बागेत सोडले. पाऊस, पानं आणि गारवा मिळाल्यावर ते खरोखरच सुधारले आणि पसरले. एकेका मादीला एका वेळी डझनावारी पिल्लं होत गेली आणि प्रजाती इतर बेटांवरही पोचली. २०१० मध्ये संशोधकांना या शॅमेलिऑनच्या पोटात हवाईच्या दुर्मीळ झाडगोगलगायी सापडल्या. त्या जगात दुसरीकडे कुठेच नाहीत.

जगातल्या दोनशेहून अधिक शॅमेलिऑन प्रजातींपैकी जवळपास निम्म्या एकट्या मादागास्करच्या. नव्वदच्या दशकात तिथून इतके प्राणी बाहेर जात होते की साईट्स या आंतरराष्ट्रीय कराराखाली १९९५ मध्ये चार प्रजाती वगळता बाकीच्यांचा व्यापार थांबवावा लागला. आता व्हेल्ड आणि पँथर मोठ्या प्रमाणावर बंदिवासात पैदा होतात. बंदिवासात जन्मलेलं पिल्लू परजीवींच्या ओझ्याशिवाय येतं आणि रानातून पकडून आणलेल्यापेक्षा त्याच्या तगण्याची शक्यता जास्त असते.

भारतात शॅमेलिऑनची एकच प्रजाती आहे. महाराष्ट्रातल्या गावांत तिला घोयरा म्हणतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तिला पकडणं आणि पाळणं हा गुन्हा आहे. विदेशी प्राण्यांची हौस मात्र मुंबई-पुण्यात वाढते आहे आणि तिचा माल कुठल्या वाटेने येतो हे ऑक्टोबर २०२२ मध्ये मुंबईच्या विमानतळावर दिसलं. शोभेचे मासे म्हणून कागदावर दाखवलेल्या पेट्यांतून महसूल गुप्तचर संचालनालयाने कासवं, सरडे, साप असे ६६५ प्राणी बाहेर काढले. त्यांतले ११७ मेलेले होते.

त्याच वर्षीच्या कायदादुरुस्तीने साईट्सच्या यादीतले विदेशी प्राणी भारतीय कायद्याच्या चौकटीत आले आणि २०२४ च्या नियमांनी ‘परिवेश’ या सरकारी संकेतस्थळावर त्यांची नोंदणी बंधनकारक केली. जन्म, हस्तांतर आणि मृत्यूही कळवावा लागतो. पण कागद पूर्ण झाल्याने पेटीतली हवा बदलत नाही. येमेनच्या डोंगरात रात्री पारा उतरतो आणि त्या गारव्यात शॅमेलिऑनचं शरीर विसावतं. मुंबईत मे महिन्यातली रात्र दिवसाइतकीच उकडते. एसी लावला तर हवा कोरडी पडते, नागपुरात कूलर लावला तर पेटी ओलीचिंब राहते. सरपटणाऱ्या प्राण्यांचे आजार ओळखणारे पशुवैद्य मोजक्याच शहरांत आहेत. ज्यांच्याकडे शॅमेलिऑन आधीच आहे त्यांनी निदान तापमान आणि आर्द्रता मोजणारं यंत्र पेटीत लावावं, अतिनील नळीवर खरेदीची तारीख लिहून ठेवावी आणि दर काही आठवड्यांनी प्राण्याचं वजन करून वहीत उतरवावं. रंग आणि डोळे काही सांगू लागण्याच्या आधी वजन घटू लागतं.