फ्लोरिनची पकड

काचेच्या दोन पेल्यांत पाणी घ्या आणि प्रत्येकात तंगुसाचा एकेक तुकडा बोटाने बुडवून सोडा. एक साध्या नायलॉनचा, दुसरा फ्लोरोकार्बनचा, जाडी दोघांची सारखीच. नायलॉनचा तुकडा खाली जायला वेळ घेतो आणि उजेडाकडे पेला धरला की चमकत्या रेघेसारखा दिसत राहतो. फ्लोरोकार्बनचा सरळ तळ गाठतो. तो तिथेच आहे हे ठाऊक असूनही नजरेला त्याला शोधावं लागतं. हवेत हातात धरले तर याच दोन धाग्यांत फरक सांगताना भलेभले चकतील.

अमेरिकेत आणि जपानमध्ये लार्जमाउथ बास गरवणारी मंडळी या दुसऱ्या धाग्यासाठी नायलॉनपेक्षा कितीतरी जास्त पैसे मोजतात. बास हा गोड्या पाण्यातला, दबा धरून बसणारा शिकारी मासा. बुडालेलं झाड, पाणगवताची कड, खडकाची कपार ही त्याची ठिकाणं. आपल्या रायगडातला जिताडा किंवा गोव्याचा चणक यांनाही इंग्रजीत बासच म्हणतात, पण ते वेगळ्या कुळातले. अमेरिकेतला हा बास १९२५ साली तेत्सुमा आकाबोशी यांनी जपानला नेऊन हाकोनेजवळच्या आशी सरोवरात सोडला. पुढे तो देशभर पसरला आणि तिथल्या मूळ माशांच्या जिवावर उठला. आता तर बिवा सरोवरात पकडलेला बास पुन्हा पाण्यात सोडायलाही बंदी आहे. याच बिवा सरोवरात २ जुलै २००९ रोजी मानाबू कुरिता यांच्या गळाला १०.१२ किलोचा बास लागला. जॉर्ज पेरी यांनी १९३२ साली जॉर्जियात पकडलेल्या माशापेक्षा तो औंसभरच जास्त भरला. जुना विक्रम मोडायचा तर किमान दोन औंस जास्त हवेत, असा नियम आहे. म्हणून दोघांची नावं आजही विक्रमाच्या यादीत शेजारी शेजारी आहेत.

धागाही जपानचाच. कुरेहा या रसायन कंपनीने १९७१ साली ‘सीगार’ या नावाने पहिला फ्लोरोकार्बन तंगूस बाजारात आणला. त्याचं रासायनिक नाव पॉलिव्हिनायलिडीन फ्लोराइड, थोडक्यात पीव्हीडीएफ. रचना अगदी साधी: कार्बनची लांबलचक साखळी, तिच्या एका कडीवर दोन हायड्रोजन, पुढच्या कडीवर दोन फ्लोरिन, पुन्हा दोन हायड्रोजन, पुन्हा दोन फ्लोरिन. या धाग्याचे जे जे गुण आणि जे जे दोष गरवणारे सांगतात, ते जवळजवळ सगळे त्या फ्लोरिनपाशी येऊन थांबतात. एवढासा अणू काय काय घडवतो हे पाहिलं की दुकानात रीळ निवडणं सोपं होतं.

आधी दिसण्याचं बघू. प्रकाश ही विद्युतचुंबकीय लहर आहे. पदार्थातून जाताना ती तिथल्या इलेक्ट्रॉनना हलवते आणि या देवाणघेवाणीत तिचा वेग मंदावतो. पाण्यात तो १.३३ पटीने कमी होतो, नायलॉनमध्ये साधारण १.५३ पटीने. हाच तो अपवर्तनांक. दोन पदार्थांच्या अपवर्तनांकांत जितकी तफावत, तितका त्यांच्या सीमेवरून प्रकाश जास्त परततो आणि तितकी ती सीमा डोळ्याला दिसते. आता फ्लोरिनचा स्वभाव असा, की इलेक्ट्रॉन धरून ठेवण्यात त्याचा हात कुठलंच मूलद्रव्य धरू शकत नाही. लहर आली तरी त्याचे इलेक्ट्रॉन फारसे डुलत नाहीत, म्हणून प्रकाश कमी अडखळतो. पीव्हीडीएफचा अपवर्तनांक १.४२ वर येतो तो यामुळे. हिशेब करून पाहिला तर पाण्याखाली समोरून पडलेल्या प्रकाशातला सुमारे अर्धा टक्का नायलॉनच्या पृष्ठभागावरून परततो, आणि फ्लोरोकार्बनवरून जेमतेम एक दशांश टक्का. हवेत मात्र नायलॉनवरून चार टक्क्यांहून थोडा जास्त आणि फ्लोरोकार्बनवरून तीन टक्के परततो. हातात धरल्यावर दोन्ही सारखे वाटतात ते म्हणूनच.

जाहिरातीतला ‘अदृश्य’ हा शब्द तेवढा खरा मानू नये. १.४२ म्हणजे १.३३ नव्हे. मग नुसत्या फ्लोरिनचाच धागा का नाही काढत? तसा पदार्थ आहे आणि तो घरोघरी तव्यावर असतो: टेफ्लॉन. त्याचा अपवर्तनांक १.३५, पाण्याच्या अगदी जवळ. पण टेफ्लॉन वितळवला तरी मधासारखा ओघळत नाही, त्यामुळे बारीक छिद्रातून ढकलून त्याचा धागा ओढता येत नाही. शिवाय सतत ताण दिला की तो हळूहळू सरकत राहतो. पीव्हीडीएफमधले अर्धे हायड्रोजन तिथे कामाला येतात. सुमारे १७५ अंश सेल्सिअसला तो छान वितळतो, धागा निघतो आणि ताणला की साखळ्या एका दिशेने रांगेत लागून बळकट होतात. अर्धा फ्लोरिन, अर्धा हायड्रोजन ही तडजोड मला या सगळ्या गोष्टीतली सर्वांत देखणी वाटते.

खुद्द बासच्या डोळ्याविषयीही थोडं. त्याच्या डोळ्यात रंग टिपणाऱ्या पेशी दोनच प्रकारच्या असतात: एक हिरव्याला, दुसरी लालला जास्त संवेदनशील. इलिनॉयमधल्या संशोधकांनी रंग ओळखायला शिकवून पाहिलं, तेव्हा निळा आणि काळा यांत बासचा गोंधळ झाला. गढूळ तलावात, वेगाने पळणाऱ्या आमिषामागे धावताना तो पाव मिलिमीटरचा धागा न्याहाळत बसेल, असं मला वाटत नाही. नितळ पाणी, संथ आमिष आणि माणसांना सरावलेला मासा अशी गाठ पडली, तर मात्र कमी दिसणाऱ्या धाग्याचा फायदा आहे.

माझ्या मते या धाग्याचा खरा गुण त्याच्या वजनात आहे. फ्लोरिनचा अणू आकाराने हायड्रोजनपेक्षा थोडाच मोठा, पण वजनाने १९ पट. तेवढ्याच जागेत जास्त वस्तुमान मावतं. म्हणून पीव्हीडीएफची घनता १.७८ आणि नायलॉनची १.१४. पाण्याने उचललेलं वजन वजा केलं तर उरतात ०.७८ आणि ०.१४, म्हणजे पाण्याखाली फ्लोरोकार्बन साडेपाच पट जड. तळावर ओढत आणायचं जिग असो, गळ लपवलेला प्लॅस्टिकचा किडा असो किंवा खोल बुडी मारणारं क्रँकबेट, धागा स्वतःच बुडत असल्यामुळे मध्ये मोठी झोळ पडत नाही. तळातला खडा लागला की काठीवरच्या बोटाला कळतं. हाच गुण पाण्यावर तरंगणाऱ्या आमिषाला मारक ठरतो, कारण बुडता धागा त्याचं नाक खाली खेचतो. तिथे नायलॉन घ्यावा. आणि पाणगवताचा जाड थर भेदून मासा वर काढायचा असेल, तर ५० ते ६५ पौंडी, म्हणजे तेवढ्या पौंडांचा ताण सोसणारी, विणलेली दोरी. ती पाण्यापेक्षा हलकी आणि भलतीच बळकट असते.

जाडीचा विचार यातूनच पुढे येतो. रिळावर ‘१२ पौंड’ असं लिहिलेलं असतं आणि जपानी रिळावर त्याच्या जोडीला ३ हा क्रमांक, म्हणजे ०.२८५ मिलिमीटर. क्रँकबेटला १० ते १२ पौंडी पुरतो, कारण बारीक धागा पाणी कमी अडवतो आणि आमिष खोल जातं. खडक-लाकडांतल्या जिगला १५ ते २० पौंडी घ्यावा. स्पिनिंग रिळावर जाड फ्लोरोकार्बन भरणं मात्र छळवाद आहे. धागा ताठ, गुंडाळीचा आकार लक्षात ठेवणारा, फेकला की वेटोळ्यांनी बाहेर उसळतो. तिथे रिळावर बारीक विणलेली दोरी भरून पुढे दोनेक मीटर ६ ते ८ पौंडी फ्लोरोकार्बन जोडण्याची रीत आहे, आणि ती चांगली आहे.

पाण्याशी या धाग्याचं जमत नाही हाही लाभच. नायलॉनच्या साखळीत पाण्याला धरणारे गट असतात, त्यामुळे दिवसभर भिजलेला नायलॉन मऊ पडतो, जास्त ताणतो आणि काही ताकद गमावतो. फ्लोरोकार्बन सकाळी जसा असतो तसाच संध्याकाळी. ‘अजिबात ताणत नाही’ ही ख्याती मात्र अर्धीच खरी. हलक्या ताणाला तो नायलॉनपेक्षा जास्त ताठ राहतो, म्हणून हाताला थरथर नीट कळते. जोराचा हिसका बसला की तोही चांगलाच ताणतो, आणि मर्यादेपलीकडे ताणला तर पूर्ववत होत नाही. अडकलेला गळ मुठीला धागा गुंडाळून ओढून काढला असेल, तर तेवढा तुकडा कापून टाकावा.

गाठीला जपावं लागतं. पालोमार गाठ घ्या: धागा दुमडून गळाच्या डोळ्यातून काढायचा, साधी गाठ मारायची, फास गळावरून पलीकडे घालायचा आणि आवळायचं. आवळताना कठीण धागा स्वतःवरच घासतो आणि त्या घर्षणाने तापतो. कोरडी गाठ झटक्यात आवळली तर गाठीच्या वरचा बोटभर धागा कुरळा होतो, भिंगातून त्यावर पांढुरका ओरखडा दिसतो, आणि पहिला मोठा मासा तिथेच धागा तोडतो. थुंकीने ओली करून सावकाश आवळलेली गाठ सरळ आणि नितळ राहते.

कुरेहाचा धागा बाजारात येण्याच्या दोनच वर्षं आधी, १९६९ साली, हेइजी कावाई यांनी याच पीव्हीडीएफची एक वेगळी करामत दाखवली होती. त्याची पातळ फिल्म ताणून जोरदार विद्युतक्षेत्रात ठेवली, की साखळीतले फ्लोरिन एका अंगाला वळतात. मग त्या फिल्मला दाबलं तरी वीज निर्माण होते. तिच्यापासून पाण्याखालचे मायक्रोफोन बनतात, ते समुद्रातला आवाज टिपतात. लिथियम-आयन बॅटरीत इलेक्ट्रोडची पूड धातूच्या पत्र्याला चिकटवून ठेवायलाही पीव्हीडीएफच वापरतात, म्हणजे तो बहुधा तुमच्या खिशातल्या फोनमध्येही आहे.

इतक्या घट्ट पकडीचा धागा कुजत नाही. ऊन त्याला फारसं मोडत नाही, जिवाणूंना तो पचत नाही. युरोपात जर्मनी, नेदरलँड्स, डेन्मार्क, नॉर्वे आणि स्वीडन यांनी २०२३ च्या सुरुवातीला फ्लोरिनयुक्त रसायनांवर सरसकट निर्बंध सुचवले, त्यात पीव्हीडीएफसारखे बहुवारिकही (पॉलिमर) येतात. काठावर टाकलेल्या वेटोळ्यात पक्ष्याचा पाय अडकला तर तो धागा काही झिजून सुटणार नाही. फ्लोरिडात आणि इतरही राज्यांत होड्या उतरवण्याच्या धक्क्यांवर जुना तंगूस टाकायला उभे पाइप बसवले आहेत. जिथे तशी सोय नाही तिथे रीळ बदलल्यावर जुना धागा कात्रीने बोटाएवढ्या तुकड्यांत कापावा आणि झाकणाच्या डब्यात भरून घरी न्यावा.