फाट्यावरचे दहा सेकंद

उसाचा हंगाम सुरू झाला की शिरूर आणि दौंड तालुक्यांत दोन तऱ्हेची वाहतूक एकमेकींना आडवी येते. एकीकडे पुणे-अहिल्यानगर आणि पुणे-सोलापूर हे महामार्ग, तर दुसरीकडे कारखान्याकडे निघालेले डबल ट्रॉलीचे ट्रॅक्टर, दुधाचे कॅन लटकवलेल्या मोटारसायकली आणि रांजणगाव, कुरकुंभच्या एमआयडीसीत कामगार पोचवणाऱ्या बसगाड्या. शिक्रापूरला चाकणचा अवजड माल नगर रस्त्यावर येतो. न्हावऱ्याहून मोरगावकडे जाणारी वाहने केडगाव-चौफुल्याला सोलापूर महामार्ग ओलांडतात, दौंड-बारामतीची कुरकुंभला. यांपैकी कुठेही अपघात झाला की टपरीवर चहा येण्याआधी निदान तयार असते : हल्लीची पोरं गाड्या बेफाम हाणतात, दुसरं काय!

हे निदान खोटे नाही, अर्धवट आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या २०२२ च्या अहवालानुसार देशात त्या वर्षी रस्त्यांवर १ लाख ६८ हजार ४९१ माणसे मेली. त्यांतले ७१ टक्क्यांच्या आसपास मृत्यू अतिवेगाच्या खात्यावर आहेत. पण चालकाला समोर काय दिसते आणि फाट्यावर आडवे जाणाऱ्याला किती वेळ मिळतो, हे रस्त्याची रचना ठरवते.

साधा हिशेब करून पाहू. उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या आणि ट्रॅक्टर मिळून लांबी धरा १८ मीटर. दुभाजकाच्या फटीतून एका बाजूच्या दोन मार्गिका आणि कडेची पट्टी पार करायची म्हणजे आणखी नऊ मीटर. ताशी १० किलोमीटरने निघालेल्या ट्रॅक्टरची शेवटची ट्रॉली रस्त्याबाहेर पडायला साधारण दहा सेकंद लागतात. तेवढ्या वेळात ताशी ९० ने येणारी कार अडीचशे मीटर अंतर कापते. म्हणजे ट्रॅक्टरवाल्याला निदान अडीचशे मीटर रस्ता मोकळा दिसायला हवा. प्रत्यक्षात त्याला काय दिसते? दुभाजकात माजलेली कण्हेर, वाढदिवसाचा फ्लेक्स, कोपऱ्यावर उभा असलेला पुरुषभर ऊस आणि ढाब्यासमोर लावलेला कंटेनर. तो अंदाजाने निघतो. अंधार पडला आणि शेवटच्या ट्रॉलीला रिफ्लेक्टर नसला, की कारवाल्याच्याही हाती अंदाजच उरतो.

म्हणून चौक सुधारणेची पहिली पायरी उड्डाणपूल नव्हे, कोयता आहे. कोपरे मोकळे करणे, दुभाजकातली झाडी गुडघ्याखाली ठेवणे, फलक हटवणे आणि फाट्यावर दिवे लावणे, ही कामे कोट्यवधींची नाहीत. मात्र त्यांचे भूमिपूजन करता येत नाही, एवढीच त्यांची अडचण!

दुसरा लाडका समज गतिरोधकाचा. अपघात झाला, रास्ता रोको झाला की संध्याकाळपर्यंत डांबराचा उंचवटा तयार होतो. राष्ट्रीय महामार्गावर असे उंचवटे असू नयेत हे केंद्राचे धोरण आहे आणि ते काढून टाकण्याचे आदेशही निघाले आहेत. कारण भरधाव कार तिथे अचानक ब्रेक मारते, मागचा ट्रक तिच्यावर आदळतो आणि मोटारसायकलवर मागे बसलेली बाई फेकली जाते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकानुसार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असावा, त्यावर पांढरे पट्टे आणि अलीकडे सूचनाफलक असावा. आपल्याकडचे बरेचसे गतिरोधक हातभर रुंद असतात आणि पाठीचे मणके मोजून घेतात. गंमत म्हणजे हेच मानक गतिरोधकाची एक जागा आवर्जून सुचवते : गावाचा रस्ता महामार्गाला मिळतो तिथे, गावाच्या रस्त्यावर. थांबायचे असते ते आडव्या रस्त्याने येणाऱ्याने. महामार्गावरच्याला लांबूनच सावध करायला रंबल पट्ट्या, ठळक फलक आणि वेग टिपणारे कॅमेरे असतात.

रस्ता चौपदरी झाला की धोका टळला, हाही भ्रमच. समोरासमोरच्या धडका कमी होतात हे खरे, पण वेग वाढतो आणि पलीकडच्या शेतात जायला वळसा पडतो. मग कुणी दुभाजक फोडून वाट करते, कुणी पेट्रोलपंपापर्यंत ‘जरासेच’ उलट्या बाजूने जाते. ऑगस्ट २०२२ मध्ये रांजणगावजवळ कारेगाव येथे उलट दिशेने आलेल्या कंटेनरवर कार आदळली आणि किमान पाच जणांचा जीव गेला. नुसते पोलीस उभे करून ही सवय मोडत नाही. सलग सेवा रस्ता, ट्रॅक्टर मावेल असा भुयारी मार्ग आणि जवळच सोयीचे वळण दिले, तरच फोडलेला दुभाजक बुजवल्यावर बुजलेला राहतो. जिथे वाहतूक मंद आहे, तिथे गोल चौक कामाला येतो. चार रस्त्यांच्या साध्या चौकात वाहनांचे मार्ग ३२ ठिकाणी एकमेकांशी भिडतात. एकेरी मार्गिकेच्या गोल चौकात ही ठिकाणे आठवर येतात.

अपघात पावसात आणि मध्यरात्री होतात, असेही मानले जाते. त्याच सरकारी अहवालात सुमारे तीन चतुर्थांश अपघात स्वच्छ हवेत झाल्याचे दिसते. सर्वांत वाईट वेळ संध्याकाळी सहा ते नऊ. हीच कंपन्या सुटण्याची, डेअरीला दूध घालण्याची आणि बाजारातून परतण्याची वेळ.

जखमीला हात लावला तर पोलिसांचा ससेमिरा लागतो, या भीतीला मात्र आता कायद्यात आधार नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याचे कलम १३४-अ मदत करणाऱ्याला संरक्षण देते. मे २०२५ च्या केंद्राच्या योजनेनुसार अपघातग्रस्तावर पहिले सात दिवस दीड लाख रुपयांपर्यंत रोकडरहित उपचार होऊ शकतात. याच २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९८-अ आणले. रस्त्याच्या सदोष रचनेमुळे किंवा देखभालीमुळे मृत्यू वा अपंगत्व आले, तर जबाबदार यंत्रणेला, ठेकेदाराला एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. रस्त्याचाही गुन्हा असू शकतो, हे कायद्याने मान्य केले आहे.

उरतो तो सर्वांत महागात पडणारा समज : ‘आमच्या फाट्यावर किती अपघात होतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे.’ गावाला ठाऊक असेल, कागदाला नसते. राष्ट्रीय महामार्गाच्या सुमारे ५०० मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यूचे किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात, अथवा दहा मृत्यू नोंदले गेले, तर ती जागा ‘ब्लॅक स्पॉट’ ठरते आणि दुरुस्तीच्या यादीत येते. पाय मोडला, समोरच्याने दवाखान्याचे पैसे दिले, प्रकरण जागेवरच मिटले, की तो अपघात या मोजणीत येतच नाही. तेव्हा जखमीला आधी दवाखान्यात पोचवा, पण पोलिसांत नोंदही करा. नोंदींच्या तारखा आणि जागेचे फोटो जोडून ग्रामसभेचा ठराव जिल्हा रस्ता सुरक्षा समितीकडे पाठवा, आणि त्याची पोच घ्यायला विसरू नका.