दाढीचा मग आणि गरम फेस



विषय वाचून काहीजण म्हणतील, बाईमाणसाला दाढीतले काय कळते? पण मी नर्स होते. वॉर्डात कितीतरी आजारी पुरुषांच्या दाढ्या मी केल्या आहेत. आज आपल्या अनेक भगिनी घरी नवऱ्याची किंवा भावाची दाढी करून देतात. त्यांच्यासाठी आणि स्वतः दाढी करणाऱ्या ज्येष्ठ बांधवांसाठी हे लिहिते.

यंदा माझी वहिनी गेली. दादाने शिवा पाळली, तीस दिवस दाढीला हात लावला नाही. शलोशीम पुरे झाले तरी तो दाढी करेना. "आता कोणासाठी करू?" म्हणाला. मी फार बोलले नाही. पण मला आणखी एक कारण दिसत होते. त्याचे वय एक्क्याऐंशी, हात थरथरतो. मागे दोनदा पाते लागून गालातून रक्त आले होते. त्याला पात्याची भीती वाटत होती आणि ते सांगायला लाजही वाटत होती.

त्याच्या कपाटात आमच्या पपांचा दाढीचा मग होता. मुंबईच्या चोरबाजारातून घेतलेला, आमच्या पेटीतून इस्राएलला आलेला. इंग्रज लोक याला स्कटल म्हणत. दिसायला बुटक्या किटलीसारखा. रुंद तोटीतून पोटात गरम पाणी घालायचे आणि त्याच तोटीत ब्रश बुडवायचा. वर भोके असलेली बशी असते, तिच्यात साबण. खालच्या पाण्याच्या उबेने साबण मऊ राहतो, फेस गरम राहतो आणि जादा पाणी भोकांतून परत खाली जाते.

ही नुसती जुनी हौस नाही. दाढीचा केस कोरडा असताना राठ असतो. दोन-तीन मिनिटे गरम पाणी आणि फेस मिळाला की तो पाणी पिऊन मऊ होतो. मग पाते दाबावे लागत नाही. म्हातारपणी आपली त्वचा पातळ आणि कोरडी होते, म्हणून पाते जितके कमी दाबाल तितके बरे.

दादाला मी उजेडात, पाठ टेकेल अशा खुर्चीत बसवले. कवळी तोंडात ठेवायला सांगितली, नाहीतर गाल आत जातात आणि सुरकुत्यांत पाते अडकते. महिन्याची दाढी आधी कात्रीने बारीक केली. गरम पाण्यात पिळलेला टॉवेल तोंडावर ठेवला. फेस मात्र त्यालाच करायला दिला. ब्रश धरायला थरथरता हातही चालतो! पाते मी धरले. कातडी बोटांनी ताणून, केस ज्या दिशेने वाढतो त्याच दिशेने, लहान लहान हात फिरवले. आपल्या वयात उलटी दाढी करू नये. शेवटी साध्या पाण्याने तोंड धुऊन, टिपून, बिनवासाचे क्रीम लावले. स्पिरिटवाले लोशन त्वचा आणखी कोरडी करते.

आता सावधगिरी. मगात उकळते पाणी कधीही घालू नका. उन्हाळ्यात आपल्या छतावरच्या दूद शेमेशचे पाणीही भाजण्याइतके तापते. ६० अंशांच्या पाण्याने काही सेकंदांत कातडी भाजते. आधी मनगटाच्या आतल्या बाजूला पाणी लावून पाहा. मधुमेहाने बोटे बधिर झाली असतील तर दुसऱ्याला पाहायला सांगा.

रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर पात्यापेक्षा इलेक्ट्रिक मशीन बरे. रक्त आलेच तर स्वच्छ कापड दहा मिनिटे दाबून धरा, मध्ये उचलून पाहू नका. तरी थांबले नाही तर मोकेदला जा. गोळी मात्र मनाने बंद करू नका. बारीक ओरखड्यावर आपली जुनी तुरटी चालते. चामखीळ किंवा तिळावरून पाते फिरवू नका. एखादी जखम तीन-चार आठवडे भरत नसेल तर कुपत होलीमच्या त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा.

पाते आणि ब्रश ज्याचे त्यालाच असावेत. एकमेकांचे पाते वापरल्याने काविळीचा विषाणू पसरू शकतो. पहिल्या महायुद्धाच्या काळात घोड्याच्या केसांच्या दूषित ब्रशांतून सैनिकांना अँथ्रॅक्स झाला होता. आज ती भीती फारशी नाही, पण ब्रश धुऊन, झटकून, हवेत वाळवावा. मगातले पाणीही रोज ओतून टाकावे.

तोरामध्ये दाढीचे कोपरे नष्ट करण्यास मनाई आहे (व्हायिक्रा १९:२७). म्हणून आपल्यातले अनेकजण पाते वापरत नाहीत. त्यांनी रब्बींना विचारून मशीन वापरावे आणि साधे मशीन असेल तर ते कोरड्या त्वचेवर फिरवावे.

पुढच्या शुक्रवारी, शब्बाथच्या आधी, मी दादाकडे गेले. टेबलावर टॉवेल घडी करून ठेवला होता, शेजारी मग.

"पाणी मी घातलंय," दादा म्हणाला. "तू फक्त पातं धर."

मी मनगट लावून पाहिले. पाणी बरोबर होते.