प्रसूतिरजा आणि दिवाळीचा बोनस

पनवेलहून तळोज्याच्या औद्योगिक वसाहतीत कामाला जाणाऱ्या भगिनींपैकी जिच्या घरी वर्षभरात पाळणा हलला असेल, तिला दिवाळीच्या तोंडावर एक प्रश्न हटकून पडतो. रजेचे सहा महिने बोनसच्या हिशेबात धरावयाचे की नाहीत?

बोनस म्हणजे दिवाळीची पोस्त, अशी समजूत अजून पुष्कळांची आहे. ती खरी असती तर १९२४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांनी बोनसपायी संप केला नसता. १९६५ च्या कायद्याने बोनस हा हक्क ठरविला आणि त्याचे किमान प्रमाण पुढे दुरुस्तीने वर्षाच्या पगाराच्या ८.३३ टक्के, म्हणजे बारावा हिस्सा, असे ठरले. त्याच कायद्याच्या कलम १४ मध्ये पगारी प्रसूतिरजेचे दिवस कामाचेच दिवस समजावेत असे म्हटले होते. तो कायदा पुढे २०१९ च्या वेतन संहितेत सामावला. ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे आणि हा नियम तीतही कायम आहे.

हिशेबापुरता पगार दरमहा सात हजार धरू. वर्षाचे चौऱ्याऐंशी हजार, किमान बोनस सुमारे सात हजार. २०१७ पासून रजा सव्वीस आठवड्यांची झाली, म्हणजे नेमके अर्धे वर्ष. ते वगळले तर साडेतीन हजार गेले! बाळंतिणीच्या घरात ही रक्कम थोडी नव्हे.

मग घोळ कोठे होतो? ‘पगारी’ या एका शब्दात. ज्या बाईला राज्य विमा योजना लागू आहे, तिला रजेतील पैसे कारखाना देत नाही, विमा महामंडळ देते. कारकून म्हणतो, “आम्ही पगार दिलाच नाही, तर रजा पगारी कशी?” आणि गंमत अशी की, २०१५ च्या दुरुस्तीने बोनससाठी पगाराची मर्यादा दरमहा एकवीस हजार झाली, तर २०१७ पासून विमा योजनेचीही तेवढीच झाली. म्हणजे बोनसचा हक्क जिला, बहुधा तिचीच रजा महामंडळाच्या पैशावर! आमच्या मते कारकुनाचा युक्तिवाद शब्दाला धरून असला तरी न्यायाला सोडून आहे. महामंडळात मालकाची वर्गणी जाते, तिची स्वतःचीही जाते; मालकावर पडणारा बोजाच महामंडळाने उचललेला असतो. तरीपण शब्दावर भांडत बसण्यापेक्षा युनियनने करारातच ‘विमा योजनेतील प्रसूतिरजा हजेरीत धरावी’ असे लिहून घ्यावे, हे बरे.

बाजारपेठेतील दुकानांची गोष्ट निराळी. दहा माणसे असली की प्रसूतिरजा लागू होते, पण बोनसच्या कायद्याला वीस लागतात. बारा माणसांच्या दुकानातील बाईला रजा मिळेल. बोनस मालकाच्या मर्जीवर.

आणखी एक गफलत शब्दसाम्यामुळे होते. मालकाने प्रसूतीपूर्वीची व नंतरची देखभाल मोफत पुरविली नाही, तर तिला ३,५०० रुपये ‘वैद्यकीय बोनस’ मिळतो. त्याचा दिवाळीच्या बोनसशी काही संबंध नाही. तो दिला म्हणून हा कापता येत नाही.

जानेवारीत सुरू होऊन जुलैत संपणारी रजा दोन हिशेबी वर्षांत विभागली जाते, तेव्हा दोन्ही वर्षांची हजेरी पाहून घ्यावी. वर्ष संपल्यापासून आठ महिन्यांत बोनस हाती पडला पाहिजे. मार्चअखेर हिशेब मिटविणाऱ्या कारखान्यात ही मुदत नोव्हेंबरअखेर संपते.