थर्मल दुर्बीण

थर्मल दुर्बीण किंवा औष्णिक दुर्बीण हे वस्तूंमधून बाहेर पडणाऱ्या अवरक्त प्रारणाचे दृश्य प्रतिमेत रूपांतर करणारे उपकरण आहे. तिला प्रकाशाची गरज नसते. त्यामुळे पूर्ण अंधारातही सजीव प्राणी थंड पार्श्वभूमीवर उजळ ठिपक्यासारखे दिसतात. युरोप व अमेरिकेत या दुर्बिणींचा मोठा ग्राहक शिकारी आहे. भारतात शिकारीला बंदी असल्याने त्यांचा वापर मुख्यत्वे सैन्यदले, वनविभाग व वन्यजीव अभ्यासक करतात. महाराष्ट्रात हा विषय बिबट्या व मानव यांच्यातील संघर्षामुळे चर्चेत आला. जळगाव जिल्ह्यातील भडगाव, चाळीसगाव व पाचोरा हे गिरणा खोऱ्यातील तालुके या संघर्षक्षेत्रात मोडतात.

कार्यपद्धती

अवरक्त प्रारणाचा शोध विल्यम हर्शेल यांनी १८०० मध्ये लावला. मनुष्य किंवा सस्तन प्राण्याच्या शरीरातून निघणारे प्रारण सुमारे ९ ते १० मायक्रोमीटर तरंगलांबीला सर्वाधिक असते. ८ ते १४ मायक्रोमीटरच्या पट्ट्यात वातावरण बऱ्यापैकी पारदर्शक असल्याने बहुतेक थर्मल दुर्बिणी याच पट्ट्यात काम करतात. साधी काच हे प्रारण अडवते. म्हणून भिंग जर्मेनियम या महाग मूलद्रव्याचे करावे लागते आणि दुर्बिणीच्या किमतीचा मोठा भाग त्यावर खर्च होतो. चीनने ऑगस्ट २०२३ पासून जर्मेनियमच्या निर्यातीवर परवान्याचे बंधन घातले.

भिंगामागे सूक्ष्मबोलोमीटर नावाचा संवेदक असतो. त्यातील प्रत्येक बिंदू व्हॅनेडियम ऑक्साइड किंवा अस्फटिकी सिलिकॉनचा असून प्रारणाने तापल्यावर त्याचा विद्युतरोध बदलतो. अधूनमधून ‘टक्‌’ असा आवाज होऊन चित्र क्षणभर गोठते, तेव्हा आतील झडप बंद करून दुर्बीण सर्व बिंदूंची पातळी जुळवून घेत असते. नवे ग्राहक याला बिघाड समजतात. तो बिघाड नव्हे.

रात्री पाहण्याची जुनी साधने वेगळ्या तत्त्वावर चालतात. प्रतिमावर्धक नळी चांदण्यांचा उपलब्ध प्रकाश वाढवते, तर डिजिटल रात्रदुर्बीण अवरक्त दिव्याचा झोत टाकून पाहते. त्यांतून प्राण्याच्या अंगावरील ठिपके ओळखता येतात, पण झुडपाच्या सावलीत बसलेला प्राणी सहज सुटतो. थर्मल दुर्बिणीत याच्या उलट घडते: प्राणी चटकन सापडतो, पण तो कोणता हे सांगणे अवघड जाते.

तुलनेचे निकष

विक्रीपत्रकात ठळक छापलेला आकडा ‘शोध अंतरा’चा असतो आणि दिशाभूलही तोच सर्वाधिक करतो. हे अंतर बहुधा सुमारे १.८ मीटर उंचीची उभी व्यक्ती गृहीत धरून काढलेले असते. शिवाय ‘शोध’ म्हणजे केवळ काहीतरी उष्ण आहे एवढे कळणे. अमेरिकी सैन्यातील संशोधक जॉन जॉन्सन यांनी १९५८ मध्ये मांडलेल्या निकषांनुसार लक्ष्याच्या लहान बाजूवर साधारण २ बिंदू पडले तर शोध, ८ बिंदू पडले तर प्रकाराची जाण आणि सुमारे १३ बिंदू पडले तर निश्चित ओळख शक्य होते. तीही निम्म्या वेळाच.

उदाहरणार्थ, १२ मायक्रोमीटरचे बिंदू व ३५ मिलिमीटर नाभीय अंतराचे भिंग असलेल्या दुर्बिणीत १०० मीटरवर एक बिंदू सुमारे ३.४ सेंटिमीटर जागा व्यापतो. खांद्यापाशी ६० सेंटिमीटर उंच असलेला बिबट्या तिच्यात सुमारे ८७५ मीटरवर ठिपका म्हणून दिसू शकेल. तो चतुष्पाद आहे हे कळायला अंतर सुमारे २२० मीटर हवे आणि तो कुत्रा किंवा वासरू नसून बिबट्याच आहे असे म्हणायला जेमतेम १३५ मीटर. अशा दुर्बिणीवर १८०० मीटर हा आकडा छापलेला आढळतो.

हा फरक ग्रामीण महाराष्ट्रात विशेष महत्त्वाचा ठरतो. कृषिपंपांना अनेकदा रात्रीच वीज मिळत असल्याने शेतकरी अंधारात पिकाला पाणी देत असतात. बांधावर वाकून दारे धरणारा माणूस दूरवरून थर्मल दुर्बिणीत बुटका, आडवा व उष्ण आकार म्हणूनच दिसतो.

संवेदकातील बिंदूंची संख्या (२५६×१९२, ३८४×२८८, ६४०×५१२ इत्यादी) वाढली की दृश्याची रुंदी वाढते. भिंग व बिंदूचा आकार तोच असेल तर पल्ला मात्र वाढत नाही. वरील दुर्बिणीत ३८४ बिंदूंच्या संवेदकाने १०० मीटरवर सुमारे १३ मीटर रुंद पट्टा दिसतो, ६४० बिंदूंच्या संवेदकाने २२ मीटर. औष्णिक संवेदनशीलता मिलिकेल्विनमध्ये देतात आणि हा आकडा जितका लहान तितके चांगले. ९ हर्ट्झ वेगाच्या दुर्बिणींना निर्यातीचे नियम सैल आहेत, पण धावता प्राणी त्यांत तुटक दिसतो. ५० हर्ट्झचे चित्र सलग असते.

खानदेशातील मर्यादा

थर्मल प्रतिमा उष्णतेच्या फरकावर अवलंबून असते. जळगाव जिल्ह्यात मे महिन्यात दुपारचे तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचते. दिवसभर तापलेले काळे बेसाल्ट खडक, मुरूम व विहिरींची बांधकामे सूर्यास्तानंतरही बराच वेळ प्राण्याइतकीच उष्ण राहतात आणि चित्र राखाडी होऊन जाते. युरोपातील थंड हवेत तपासलेल्या दुर्बिणीची तिथली कामगिरी इथल्या उन्हाळी संध्याकाळी मिळत नाही. पहाटेची वेळ सर्वांत अनुकूल असते. पावसाळ्यात बाष्प प्रारण शोषते, ओल्या पृष्ठभागांमधील फरकही पुसट होतो.

पिकांची अडचण याहून मोठी आहे. अवरक्त प्रारण पानांमधून आरपार जात नाही. गिरणाकाठच्या केळीच्या बागा व उसाचे फड बिबट्याला आसरा देतात आणि दुर्बिणीपासूनही लपवतात. ड्रोनवर बसवलेला कॅमेराही दाट उसावरून फारसे काही पाहू शकत नाही. तोडणी सुरू झाल्यावर मात्र तो उपयोगी पडतो.

प्रमुख उत्पादक

पल्सर ही लिथुआनियातील युकॉन समूहाची नाममुद्रा आहे. हीलियन, ॲक्सियन व थर्मियन या तिच्या मालिका असून अनेक प्रारूपांत फ्रान्सच्या लिनरेड कंपनीचा संवेदक वापरला गेला. हिकमायक्रो ही हांगझोऊ येथील हिकव्हिजन समूहातील कंपनी आहे. यान्ताई येथील इन्फिरे व वुहान येथील गाइड या चिनी कंपन्या संवेदकापासून दुर्बिणीपर्यंत सर्व काही स्वतः तयार करतात. ही उपकरणे सामान्य ग्राहकाच्या आवाक्यात येण्यास चिनी स्पर्धा मोठ्या प्रमाणात कारणीभूत आहे. अमेरिकेची फ्लिर (स्थापना १९७८) २०२१ मध्ये टेलिडाइनने विकत घेतली. झाइस, लायका व स्वारोव्स्की ऑप्टिक या जर्मन-ऑस्ट्रियन कंपन्या या क्षेत्रात उशिरा उतरल्या. त्यांची ख्याती काचेच्या भिंगांवर उभी आहे आणि थर्मल दुर्बिणीच्या पुढील भिंगात साध्या काचेला स्थानच नाही, त्यामुळे नाव पाहून दिलेल्या जादा किमतीचा मोबदला बांधणी व हाताळणीतच शोधावा लागतो.

भारतात बंगळूरची टॉनबो इमेजिंग आणि भारत इलेक्ट्रॉनिक्स या कंपन्या मुख्यतः संरक्षण दलांसाठी अशी साधने बनवतात. भारत इलेक्ट्रॉनिक्सचा पुण्यातील कारखाना प्रतिमावर्धक नळ्यांसाठी ओळखला जातो. विक्रेत्याच्या दृष्टीने नाममुद्रेइतकेच महत्त्व देशांतर्गत दुरुस्ती व बदलता येणाऱ्या बॅटरीला आहे. बॅटरी आत बंदिस्त असलेली दुर्बीण भारनियमनाच्या गावात रात्रभराच्या पहाऱ्याला पुरत नाही.

कायदेशीर स्थिती व वापर

जर्मनीत २०२० मध्ये शस्त्रकायदा बदलून रानडुकरांच्या शिकारीसाठी अशा साधनांना वाट करून देण्यात आली. भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम ९ नुसार शिकार निषिद्ध आहे. बिबट्या व वाघ पहिल्या अनुसूचीत येतात. त्यांच्या शिकारीस किमान ३ ते कमाल ७ वर्षे कारावास व किमान २५,००० रुपये दंड आहे. रानडुक्कर व नीलगाय (रोही) दुसऱ्या अनुसूचीत असून पिकांच्या नासाडीबद्दल कलम ११ खाली अधिकृत परवानगी मिळू शकते. दुर्बीण जवळ असणे म्हणजे अशी परवानगी नव्हे.

२०१७ च्या अखेरीस चाळीसगाव तालुक्यातील गिरणा परिसरात एका बिबट्याने अनेक बळी घेतले. डिसेंबरमध्ये वरखेडे परिसरात त्याला रात्री गोळी घालण्यात आली. यवतमाळ जिल्ह्यातील ‘टी-१’ (अवनी) वाघिणीच्या २०१८ मधील शोधमोहिमेत थर्मल ड्रोन वापरले गेले, तरी दाट झुडपांमुळे मोहीम लांबली. २ नोव्हेंबर २०१८ रोजी ती मारली गेली. नोव्हेंबर २०२५ मध्ये पुणे जिल्ह्यातील पिंपरखेड येथील बिबट्याच्या शोधातही थर्मल ड्रोनचा उपयोग करण्यात आला.