अर्ज मुलांचा, लेखणी कोणाची?

'आई, मी काय एवढं मोठं केलंय?' यूकासचा अर्ज भरायला बसलेली लेक म्हणाली. तिला व्हायचंय डॉक्टर. पण स्वतःची टिमकी वाजवू नये, हे आपणच शिकवलेलं! मग बाबा सरसावले. पियानोच्या ग्रेड, पोहण्याची पदकं, 'लहानपणापासून सेवेची ओढ'... वाचून लेकीने विचारलं, 'ही मुलगी कोण?'

मंडळी, पूर्वीचा सलग निबंध आता गेला. २०२६ च्या प्रवेशापासून तीन प्रश्न असतात : हाच विषय का? अभ्यासातून त्याची काय तयारी झाली? अभ्यासाबाहेर काय केलंत, आणि त्याचा उपयोग काय? प्रत्येक उत्तर किमान ३५० अक्षरांचं, सगळी मिळून ४००० च्या आत. मोकळ्या जागाही मोजतात. हाच मजकूर सगळ्या, म्हणजे जास्तीत जास्त पाच निवडींना जातो. तेव्हा एकाच विद्यापीठाची स्तुती नको. उसना मजकूर तर पकडलाच जातो.

शेवटी बाबांचा कागद बाजूला ठेवला. लेकीने आजीबद्दल लिहिलं. दवाखान्यात आजीचं मराठी डॉक्टरांना इंग्रजीत सांगताना तिला कळलं, की 'कसंतरी होतंय' याचं भाषांतर होत नाही. कुठे, कधीपासून, हे आधी आजीलाच विचारावं लागतं. आम्हाला हे घरचं काम वाटलेलं. तिची खरी तयारी तीच होती.

आपण फार तर शुद्धलेखन तपासावं, चहा करून द्यावा. लेखणी मुलांच्याच हातात राहू द्यावी.